दर शनिवारी, जीपखाली!

नवी चकाचक फोर बाय फोर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पण वाईच्या घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं धूळ खात पडलेली बाबांची १९९१ ची जीप आडवी आली. पुढची दोन वर्षं वीकेण्ड नावाची गोष्ट आयुष्यातून गेली. काय तुटलं, काय सुटलं आणि काय थोडक्यात वाचलं, त्याची ही गोष्ट...

दोन वर्षं दर सोमवारी सकाळी हिंजवडीतल्या मीटिंग रूममध्ये माझे हात टेबलाखाली असायचे. नखांतलं काळं काही केल्या जायचं नाही. साबण झाला, लिंबू झालं, साखर आणि खोबरेल तेल झालं. (हे त्यातल्या त्यात बरं!) स्क्रीनवरून अमेरिकेतला क्लाएंट विचारायचा, वीकेण्ड कसा गेला? मी म्हणायचो, मस्त, घरीच होतो. आता त्याला काय सांगणार, की शनिवार-रविवार मिळून सोळा तास मी पाठीवर झोपून एका नटाची मनधरणी करत होतो आणि नट काही ऐकत नव्हता?

सुरुवात झाली २०२२ च्या दिवाळीत. ऑफिसातल्या अर्ध्या पोरांनी नवी थार घेतली होती आणि मीही रंग ठरवण्यापर्यंत पोचलो होतो. वाईला घरी गेलो तर अंगणात भंगारवाला उभा. बाबा त्याच्याशी मागच्या जीपचा भाव करत होते. तो चाळीस हजारांवर अडला होता, बाबा पंचेचाळीसवर. म्हणजे पाच हजारांच्या फरकाने जीप अजून आमची होती!

बाबा सिव्हिल कॉण्ट्रॅक्टर. विहिरी, बंधारे, छोटे पूल हे त्यांचं काम. १९९१ साली त्यांनी ही जीप नवी कोरी घेतली, ती गवंडी, सळ्या आणि सिमेंटची पोती वाहायला. आम्ही त्यात बसायचो ते पोती उतरल्यावर. माझी शाळेची पॅण्ट कायम मागून राखाडी असायची. धोम धरणाच्या काठावर मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं तेही हिचंच. मग बाबांच्या गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली, काम बंद झालं, २०१६ मध्ये रजिस्ट्रेशनची मुदत संपली आणि ती कोणी वाढवलीच नाही. "माझे गुडघे गेले, तिचेही गेले," एवढंच बाबा म्हणायचे.

मी म्हटलं, "बाबा, विकू नका. मी करतो नीट."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला स्टेपनी तरी बदलता येते का?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं.

हाडं अमेरिकन, हृदय फ्रेंच

थोडा इतिहास सांगतो, कारण पार्टीत लोक हमखास विचारतात. जीप हे दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला कुठेही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्राच्या कंपनीने १९४७ पासून विलीजच्या जीप आणून मुंबईत जोडायला घेतल्या. मग पोलीस, पाटबंधारे खातं, वनखातं, गावोगावचे डॉक्टर आणि पुढारी असं करत जीप आपलीच होऊन गेली.

आमची जीप म्हणजे एमएम ५४०, १९८५ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल. सांगाडा विलीजच्या वंशातला, पण इंजिन प्युजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं डिझेल. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, ८३ चा स्ट्रोक, २११२ सीसी. गॅरेजवाले त्याला 'पूजो' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, हे कोणा पूजाचं इंजिन आहे! ताकद साठ-बासष्ट हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकसुद्धा हिला मागे टाकते. पण चिखलात उतरवा, फोर व्हीलचा दांडा ओढा, 'लो'मध्ये टाका आणि मग बघा.

या फ्रेंच-अमेरिकन संसाराचा पहिला झटका मला पहिल्याच शनिवारी बसला. ऑनलाइन मागवलेला पान्यांचा झकास सेट घेऊन मी खाली शिरलो. पाट्याच्या नटाला १४ चा पाना बसेना. १५ चा बसला, थोडा सैल. म्हटलं, चालतंय की. जोर लावला आणि नटाचे सहाही कोपरे गोल! इंजिनाचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये आणि सांगाड्याचे इंचात, हे मला कोण सांगणार? तो नट होता नऊ-सोळांश इंचाचा, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ त्यावर चढत नाही आणि १५ त्याचं वाटोळं करतो. एका गाडीसाठी पान्यांचे दोन सेट लागतात, हा धडा एका नटाच्या बदल्यात मिळाला. स्वस्तच म्हणायचा.

"लोखंडासंगं भांडायचं न्हाय"

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी मुकाट्याने त्यांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, गॅरेज कधीच मुलाच्या हाती दिलेलं. आमच्या शेडमध्ये खुर्ची टाकून ते बसले आणि दोन वर्षं बहुतेक वेळ बसूनच राहिले. हात माझे, डोकं त्यांचं, असा करार होता. फी? शनिवारचं जेवण आणि आईच्या हातचा चहा, साखर जास्त.

मी गोल नटावर छिन्नी मारायला घेतली तेव्हा त्यांनी तोंडातली सुपारी बाजूला सारली. "आरं पोरा, लोखंडासंगं भांडायचं न्हाय. त्याला तेल पाज, ऱ्हाऊ दे रातभर. उद्या त्येच म्हणंल, खोल मला."

आणि तसंच झालं. रात्री डिझेल आणि ऑइल पाजायचं, सकाळी हातोडीने हलकेच टकटक करायची, तरी नाही आलं तर गॅसच्या ज्योतीने नट तापवायचा. नट तापून जरा पसरतो, गंजाची पकड सुटते. ऑफिसात मी 'अर्जण्ट'च्या खाली बोलत नाही, आणि इथे एका नटासाठी आठवडाभर थांबायला शिकत होतो.

काढलेली प्रत्येक वस्तू झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. ही एक गोष्ट मी मिस्त्रींना शिकवली. त्यांची पद्धत म्हणजे सगळे नट एका घमेल्यात!

२०२३ च्या मार्चपर्यंत बॉडीचा टब चेसिसवरून सुटला. चार मित्र पुण्याहून मिसळीच्या आमिषाने आले आणि आम्ही तो उचलून बाजूला ठेवला. खालचं दृश्य बघून मिसळ घशात अडकली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हाताने मोडत होता. टब ज्या रबरांवर बसतो, तिथले कोपरे कागदासारखे झाले होते. वरून तीन-चार थर रंग आणि पुट्टी असल्यामुळे गाडी धडधाकट दिसत होती एवढंच. सडलेला पत्रा कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि मगच नवा तुकडा वेल्डिंग करायचा. कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, भोक मोठं होतं.

डॅशबोर्ड काढल्यावर त्याच्या मागे मूळ रंग सापडला. फिकट निळा. मला तर गाडी पहिल्यापासून पांढरीच आठवत होती. बाबा म्हणाले, "निळीच होती. तू चौथीत असताना पांढरी केली." मग ठरलं, निळीच करायची.

तो चहाचा कप

आता खरी गोष्ट.

जूनमधला शनिवार. बाहेर पाऊस, शेडमध्ये मी एकटा. मिस्त्री लग्नाला गेलेले. चेसिस उघडी होती आणि मी ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून तिचा गंज काढत होतो. कानात गाणी. लाल, खरबरीत लोखंड चांदीसारखं उजळत पुढे जात होतं. त्यात एक नशा असते, खरंच सांगतो. एवढं झालं, अजून थोडं, अजून थोडं...

बाबा चहा घेऊन आले होते. मला ऐकू गेलं नाही. मग त्यांची काठी ग्राइंडरच्या वायरवर आपटली.

"थांब!"

मी बटण बंद केलं.

"नंबर कुठाय?"

मला कळेना. बाबांनी काठीचं टोक चेसिसवर, पुढच्या चाकाच्या मागे ठेवलं. तिथे गंजाच्या खाली चेसिस नंबर पंच केलेला असतो. आरसी बुकात असतो तोच, गाडीची ओळख. त्याचे पहिले दोन आकडे जिथे असायला हवे होते, ती जागा आरशासारखी चमकत होती.

ज्यांना यातलं गांभीर्य कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन वाढवायचं तर तपासणीत या नंबरचा पेन्सिलीने छाप घेतात आणि कागदाशी ताडून बघतात. नंबर वाचता आला नाही तर ही तीच गाडी कशावरून? घासलेल्या नंबरची गाडी म्हटलं की पहिला संशय चोरीचा. आणि मी तो स्वतःच्या हाताने, गाणी ऐकत घासला होता.

बाबा काहीच बोलले नाहीत. चहाचा कप बाकावर ठेवून घरात गेले. रात्री जेवताना आईने दोनदा विचारलं, काय झालं? दोघेही म्हणालो, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मी त्यांना माझी आयडिया सांगितली, पंच आणून ते दोन आकडे पुन्हा ठोकू या. इतक्या महिन्यांत त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तसलं काय बी करायचं न्हाय! आपल्या हातानं नंबर ठोकला की गाडी बी गेली आन् तू बी."

मग त्यांनी गंज काढायचं लिक्विड मागवलं. कापसाने लावायचं, थांबायचं, पितळी ब्रशने हलकेच पुसायचं, पुन्हा लावायचं. उरलेले आकडे एकेक करून गंजातून वर आले, स्वच्छ. पहिल्या दोन जागी मात्र आधी काहीच नाही. मिस्त्रींनी शेडचा दिवा मालवला आणि बॅटरी चेसिसला जवळजवळ टेकवून आडवी धरली. तेव्हा दिसले. आकडे म्हणण्यापेक्षा आकड्यांच्या सावल्या. डिस्कने वरचा थर नेला होता, पण पंचाचा तळ थोडासा शिल्लक होता.

नंतर वाचताना कळलं की पंच बसतो तेव्हा आकड्याच्या खालचं लोखंडही दबतं. म्हणूनच पूर्ण घासून टाकलेले नंबर फॉरेन्सिक लॅबमध्ये रसायन लावून पुन्हा वाचता येतात. पण सावली आरटीओत चालते का? छातीठोकपणे सांगायला कोणीच तयार नव्हतं.

तोवर लाखभर रुपये गेले होते आणि दोन लाखांचं काम बाकी होतं. बायकोने सरळ विचारलं, "आणि पास नाही झाली तर?"

"तर वाईच्या शेडमध्ये उभी राहील."

"म्हणजे तीन लाखांचं शोपीस."

तिचं बरोबर होतं. त्या महिन्यात मी तीन शनिवार वाईला गेलोच नाही. चौथ्या शनिवारी बाबांचा फोन आला, "मिस्त्री येऊन बसलेत. तू कुठायस?" गेलो.

दाब... धर... सोड

इंजिन जाम होतं. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात पुढच्या पुलीवर पाना लावल्यावर ते बोटभर हललं. त्या बोटभर हलण्याचा आनंद मला अप्रेझललाही झालेला नाही. पुढे हेड उघडलं, रिंगा आणि बेअरिंग बदलली, डिझेल पंप साताऱ्यात कॅलिब्रेशनला दिला. स्पेअर्ससाठी पुण्यात नाना पेठेच्या इतक्या चकरा झाल्या की एका दुकानदाराने मला गॅरेजवालाच समजून डिस्काउण्ट दिला. तो मी दुरुस्त केला नाही. (गैरसमज. डिस्काउण्टही नाही!)

२०२४ च्या फेब्रुवारीत इंजिन सुरू झालं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग ती ओळखीची टकटकटक. आई धावत बाहेर आली. आम्हाला वाटलं आनंदाने. ती दोरीवरच्या चादरी वाचवायला आली होती.

ब्रेकचं काम मात्र दोघांचं. चारही चाकांना ड्रम, आतले सिलिंडर नवे टाकले. पाइपात राहिलेली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकामागचा निपल सोडायचा. हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, निपल बंद, मगच पेडल सोडायचं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. त्या दिवशी मित्र नव्हते, मिस्त्रींची कंबर धरलेली. बाबा म्हणाले, "मी बसतो."

आईच्या ओट्याजवळचं स्टूल आणलं. त्यावर पाय ठेवून बाबा आठ वर्षांनी त्या सीटवर बसले.

"दाब," मी खालून ओरडायचो. "धर. सोड."

"ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला."

एकेका चाकाला दहा-पंधरा वेळा. चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. बाबा स्वतःच म्हणाले, "आता बरोबर आहे." रात्री आई गुडघ्याला शेक देत होती तेव्हा मला कळलं की त्यांनी एकदाही पाय बदलला नव्हता.

"हे घासलं कोणी?"

ऑक्टोबर २०२४. रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून टेम्पोवर चढवून नेली. इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कर, सगळे कागद फाइलमध्ये. बाबाही आले होते, नको म्हटलं तरी. तपासणीला आलेल्या साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न, ब्रेक. मग खाली वाकले. मी कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटत गेले, पहिले दोन अगदी पुसट.

"हे घासलं कोणी?"

"मी."

"गॅरेजवाल्याने नाही?"

"नाही साहेब. गंज काढताना माझ्याच हातून झालं."

त्यांनी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. अगदी मिस्त्रींसारखा. आरसी बुक पाहिलं, पुन्हा चेसिस, पुन्हा आरसी बुक. मागे काठीचा आवाज आला. बाबा दुसऱ्या पायावर भार देत होते.

"वाचता येतोय," साहेब म्हणाले. "पुन्हा तिथे काही लावू नका."

२०२९ पर्यंत मुदत मिळाली. पत्रा आणि रंग एक लाख दहा हजार, इंजिन आणि पंप पंच्याऐंशी, टायर-ब्रेक-क्लच सत्तर, वायरिंग, हूड, सीट आणि माझी हत्यारं पंचावन्न. एकूण तीन लाख वीस हजार. विकायला गेलो तर एवढे येतील का? विचारू नका. चेसिसवरचा तेवढा वीतभर तुकडा आम्ही रंगवलेला नाही. त्याला फक्त ग्रीस लावतो, दर महिन्याला पुसून नवं.

त्या दिवाळीत पसरणीच्या घाटाने पाचगणीला गेलो. चढाला ट्रक आम्हाला ओव्हरटेक करत होते. बाबा शेजारी बसून प्रत्येक वळणाला गिअर सांगत होते आणि मी मुकाट्याने टाकत होतो. परत आलो तर दारात तोच भंगारवाला. निळ्या जीपभोवती त्याने एक चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला.

"काका, पंचेचाळीसला घेतो की!"

बाबा स्टुलावरून सावकाश खाली उतरले. "उशीर केलास," ते म्हणाले. "पाच हजारांसाठी."

जुनी जीप करायला घेताय? आधी हे वाचा!

• पहिल्या दिवशी चेसिस नंबर शोधा, फोटो काढा, छाप घ्या आणि त्या जागी खडूने मोठी चौकट आखा. ग्राइंडर त्यानंतर!

• आरसी बुक नसलेली 'स्वस्तात मस्त' जीप घेऊ नका. पत्रा मिळतो, कागद मिळत नाहीत.

• जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. चेसिसखाली लोखंडी स्टँड हवेतच.

• ग्राइंडर चालवताना गॉगल घाला, मास्क लावा. कानात गाणी नकोत. (अनुभवाचे बोल.)

• गाडीचं मूळ रूप बदलताना जपून. कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

• १५ वर्षांवरच्या खासगी कारच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती २०२५ मध्ये आणखी वाढली. बजेटमध्ये धरा.

• 'व्हिण्टेज' नोंदणीच्या भानगडीत पडू नका. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते.

• कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरवर येतो. चिखल, वाळू, ओली माती, तिथेच ती मजा!